सोलापुरातला डॉग ट्रेनिंग क्लास: शॉक कॉलर लावत असतील तर पाठवू नका (१ स्टार)

क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, मला कुणाशी भांडायचं नाही, पण कुत्रं ट्रेनिंगला टाकायचा विचार करत असाल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा.

आमची भुरी देशी आहे, दोन वर्षांची, सात रस्त्याजवळ पावसात सापडली होती. हुशार इतकी की दूधवाल्या काकांची गाडी आणि पेपरवाल्याची गाडी नुसत्या आवाजावरून वेगळी ओळखते. एकच त्रास होता, बुलेट गेली की भुंकत मागे धावायची, एकदा थोडक्यात वाचली, म्हणून क्लास लावला. पंधरा सेशनचे सहा हजार, सगळे आधी भरायचे. ग्राउंड स्वच्छ, पाण्याची सोय चांगली, दादा वेळेवर येतात, हे खरं ते सांगते.

चौथ्या दिवशी दादांनी तिच्या गळ्यात रिमोटवाली शॉक कॉलर बांधली, बटण दाबलं की गळ्याला विजेचा झटका देणारी. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही ओ ताई, मुंगी चावल्यासारखं असतं." बुलेट आली, ती भुंकली, की बटण. कधी बटण आधी, कधी उशिरा, कधी ती भुंकायचं थांबली तरी दाबलेलंच. दहा दिवसांत भुंकणं बंद झालं. दादा म्हणाले बघा कशी शांत झाली, आणि मलाही तेव्हा बरंच वाटलं.

मग घरी हळूहळू लक्षात आलं की भुंकण्याबरोबर तिचं बाकीचंही सगळं बंद झालंय. बेल वाजली तरी उठायची नाही, भाकरीचा तुकडा समोर ठेवला तरी हात लावू का नको असं माझ्याकडे बघत बसायची, आणि मी पट्टा हातात घेतला की मोरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. त्या मोरीतल्या पाठमोऱ्या भुरीकडे बघताना मला माझं बीएचं मानसशास्त्राचं पुस्तक आठवलं.

लर्न्ड हेल्पलेसनेस, म्हणजे काहीही केलं तरी सुटका नाही हे अनुभवाने शिकून हातपाय गाळणं. परीक्षेला दहा मार्कांना लिहिलं होतं मी. १९६७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केला. काही कुत्र्यांना शॉक द्यायचे पण डोक्याने पाटी दाबली की शॉक बंद व्हायचा. दुसऱ्या गटातल्या कुत्र्यांना तेवढेच शॉक, पण त्यांनी काहीही केलं तरी फरक पडायचा नाही. नंतर सगळ्यांना अशा खोक्यात ठेवलं की मधली बुटकी भिंत ओलांडली की सुटका. पहिल्या गटातली उड्या मारून गेली, दुसऱ्या गटातली बहुतेक जागेवरच बसून शॉक खात राहिली. पुढे त्यांना परत शिकवायला पट्ट्याला धरून ओढत पलीकडे न्यावं लागलं, तेही पुन्हा पुन्हा, तेव्हा कुठे त्यांना कळलं की हलल्यावर सुटका होते. २०१६ मध्ये याच दोघांनी लिहिलं की आधी समजत होतो ते उलटं होतं, सतत त्रास झाला की गप्प पडणं हे आपोआपच होतं, शिकावं लागतं ते हे की आपल्या हातात काहीतरी आहे. म्हणजे भुरी क्लासमध्ये काहीच शिकली नव्हती, ती नुसती विझली होती.

त्या प्रयोगातून माणसाच्या डिप्रेशनबद्दल बरंच कळलं, हे मी नाकारत नाही. पण मला आता झोप लागत नाही ती या विचाराने, की कुत्र्याचं मन आपल्यासारखं निराश होतं म्हणूनच तो प्रयोग उपयोगाचा ठरला ना, मग आपल्यासारखं निराश होणाऱ्या जीवाला तसं करायचा हक्क कुठून आला? आणि त्या कुत्र्यांनी ती किंमत एकदा मोजलीये, उत्तर मिळालंय, पुस्तकात छापलंय, तरी माझ्या कुत्रीवर सहा हजार घेऊन तेच परत कशासाठी? आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्रयोग करणाऱ्यांनासुद्धा दयेने वागा, शक्य तिथे भूल द्या असं सांगितलंय. ग्राउंडवर रिमोट घेऊन उभ्या माणसावर कोण लक्ष ठेवतं? वेल्समध्ये या कॉलरवर २०१० पासून बंदी आहे.

आणि दुसऱ्या रीतीने होतच नाही असंही नाही. अमेरिकेतच एमरी युनिव्हर्सिटीत ग्रेगरी बर्न्स यांनी २०१२ मध्ये कुत्र्यांच्या मेंदूचा एमआरआय जागेपणी काढला. भूल नाही, बांधणं नाही, खाऊ देऊन हनुवटी टेकवून स्थिर बसायला शिकवलं, कानाला आवाज लागू नये याची काळजी घेतली, आणि कुत्र्याला नको वाटलं तर उठून जायची मोकळीक. वेळ जास्त लागतो, पण कुत्रं स्वतःहून येतं.

उरलेली सेशन मी सोडून दिली, पैसे परत मिळाले नाहीत. ओळखीतून होटगी रोडकडच्या एक ताई मिळाल्या, त्यांच्याकडे कॉलर नाही, शिट्टी नाही, फक्त उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. पहिल्या दिवशी त्यांनी गेट उघडंच ठेवलं, मला भीती वाटत होती पण त्या म्हणाल्या राहू दे. भुरी दोनदा बाहेर जाऊन माझ्या स्कूटीजवळ बसली. तिसऱ्यांदा आपली आपण आत आली. बुलेटचं अजून पूर्ण गेलेलं नाही, लांबून गेली तर भुंकत नाही, जवळून गेली तर अजून भुंकते, तीन महिने झालेत. सेशनला चारशे, घेतलं तेवढ्याचेच पैसे. जाणार असाल तर सकाळी साडेसहाची वेळ मागा, एप्रिल-मेमध्ये आठनंतर फरशी इतकी तापते की पंजे भाजतात.