हार्लेमचं टेन बूम घर : आईला घेऊन केलेल्या टूरचा रिव्ह्यू

नेदरलँड्समधल्या हार्लेम गावातलं हे घर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना नाझींपासून लपवणाऱ्या टेन बूम कुटुंबाचं, आता म्युझियम झालेलं. आधी कामाचं सांगून टाकते, नंतर मी वाहवत जाणार आहे. ॲम्स्टरडॅम सेंट्रलवरून हार्लेम ट्रेनने पंधरा-वीस मिनिटं, तिथून चालत दहा. पत्ता बार्टेलयोरिसस्ट्राट १९. खाली अजूनही घड्याळं-दागिन्यांचं दुकानच आहे, त्यामुळे आम्ही त्याच्यासमोरून दोनदा गेलो तरी कळलं नाही, म्युझियमचं दार बाजूच्या बोळात आहे. तिकीट नाही, डोनेशन बॉक्स आहे. ऑनलाइन बुकिंग करूनच जा. आम्ही आधी एकदा सोमवारी जाऊन बंद दार बघून परत आलो, चूक आमचीच, वेळा बघितल्या नव्हत्या. टूर इंग्लिश आणि डचमध्ये, साधारण तासाभराची. जिने एकदम उभे आणि अरुंद, लिफ्ट नाही, त्यामुळे ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी विचार करून जा. साइटवर व्हर्च्युअल टूर आहे, ती घरबसल्या बघता येते.

माझ्या आईचे गुडघे कुरकुरतात. तरी ती चढली, आणि म्हणूनच हे लिहितेय.

आई नगरची, तीन महिन्यांसाठी माझ्याकडे ॲम्स्टरडॅमशेजारच्या ॲम्स्टलवेनला आली होती. रोज रात्री झोपताना बायबलमधलं स्तोत्र ९१, देव संकटात सांभाळेल असं सांगणारं, म्हणायची तिची सवय मी जन्मापासून बघतेय, पण २०२३ ला मणिपूरच्या चर्च जाळल्याच्या बातम्या आल्या तेव्हापासून ती ते दोनदा म्हणते, एकदा झोपताना आणि एकदा मध्येच जाग आली की. इकडे येऊनही तेच, कारण तिच्या चर्चच्या मंडळीचा व्हॉट्सॲप ग्रुप इकडेही येतो ना सोबत, युक्रेन, गाझा, कुठे प्रार्थना चालू असताना गोंधळ, सगळं त्या एका ग्रुपवर. मी म्हटलं म्यूट कर तर म्हणते प्रार्थना कशासाठी करायची ते कसं कळणार मग. तर असा सगळा मूड असताना मी तिला ट्युलिप बघायला न नेता इथे नेलं. नवऱ्याच्या मते हा वेडेपणा होता.

टूरची सुरुवात वरच्या बैठकीच्या खोलीत होते, वीसेक माणसं दाटीवाटीने बसलेली. गाइड वॉलंटियर, घाई अजिबात नाही, नाटकीपणा नाही, आजी नातवंडांना सांगते तसं सांगत होत्या. १८३७ मध्ये टेन बूम आजोबांनी घड्याळाचं दुकान काढलं, १८४४ पासून याच घरात दर आठवड्याला ज्यू लोकांसाठी प्रार्थना सुरू झाली, आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९४४ मध्ये, ज्यूंना लपवलं म्हणून या घरातली माणसं उचलली गेली. बाप कॅस्पर ८४ वर्षांचा, मुली बेत्सी आणि कॉरी, दोघी पन्नाशीच्या पुढच्या, लग्न न केलेल्या. कॉरी तर हॉलंडमधली पहिली लायसन्सवाली बाई घड्याळजी, १९२२ ची. म्हणजे क्रांतिकारक वगैरे कोणी नाही हो, चर्चला जाणारं, दुकान चालवणारं साधं म्हातारं कुटुंब.

मग जिने चढत कॉरीच्या खोलीत. इथे थोडं थांबा, सगळे पटकन फोटो काढतात आणि पुढे सरकतात. पलंगामागे एक भिंत आहे, खोटी, विटांची, जुनाट दिसेल अशी रंगवलेली. आता बघणाऱ्यांसाठी तिला मोठं भोक पाडलंय. आत जागा किती, तर जेमतेम दोन-अडीच फूट खोल. आमच्या नगरच्या घरात गाद्या ठेवायचं कपाट याहून खोल आहे. आत जायला बाजूच्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा, त्याची मागची फळी सरकते, पोटावर सरपटत जायचं. खालून बझर वाजला की घरात आसरा घेतलेल्या पाहुण्यांनी बशा, कपडे, सगळं घेऊन आत गायब व्हायचं अशी प्रॅक्टिस चालायची. २८ फेब्रुवारी १९४४ ला धाड पडली तेव्हा खरोखर सहा जण आत होते, चार ज्यू आणि दोन भूमिगत चळवळीतले. गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, घर उलटंपालटं केलं, सापडले नाहीत. ४७ तास आत, मग चळवळीला धार्जिण्या पोलिसांनी सोडवलं.

आई वाकून त्या भोकातून बराच वेळ बघत राहिली. मग त्या स्तोत्राची पहिली ओळ आठवून मला मराठीत म्हणाली, "परात्पराच्या गुप्त स्थली म्हणजे मला वाटायचं काहीतरी मोठं असेल गं, देवळाच्या गाभाऱ्यासारखं. ही तर अडगळीची जागा आहे." शेजारची बाई काय म्हणाल्या म्हणून बघत होती, मी काय भाषांतर करणार, कप्पाळ.

पण माझं खरं भांडण इथेच आहे. आत लपलेले त्या धाडीतून वाचले, लपवणारे नाही. कॅस्परला म्हणे तू म्हातारा आहेस, पुन्हा असं करणार नाही म्हण आणि घरी जा, असं सांगितलं होतं, तर तो म्हणाला उद्या कोणी दार वाजवलं तर मी परत उघडणार. अटकेनंतर दहा दिवसांत, कैदेत असतानाच वारला. बेत्सी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत १६ डिसेंबर १९४४ ला वारली, कॉरी त्यानंतर बारा दिवसांनी सुटली, तीही कारकुनी चुकीने. मग ते स्तोत्र, तुझ्यावर अरिष्ट येणार नाही वगैरे, ते कुठे लावायचं? मी टूरनंतर हे गाइडला विचारलं. त्यांनी उत्तर द्यायची घाई केली नाही हे मला आवडलं. त्यांनी कॉरीच्या लहानपणचा किस्सा सांगितला. मरणाला ती फार घाबरायची, तर बापाने विचारलं, आपण ॲम्स्टरडॅमला जातो तेव्हा तुझं तिकीट मी तुझ्या हातात कधी देतो? गाडीत चढायच्या आधी. तसंच धीर लागेल तेव्हा मिळेल, आधीपासून खिशात नसतो.

मी हे आईला मराठीत सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणून तू मला स्टेशनवर कार्ड आधी देत नाहीस होय." (देत नाही कारण पहिल्याच आठवड्यात हरवलंय.) त्यानंतर ती बराच वेळ काही बोलली नाही.

पिसवांची गोष्टही इथे ऐकलीच पाहिजे. छळछावणीतल्या बराकीत पिसवाच पिसवा, आणि बेत्सी म्हणते यासाठीही देवाचे आभार मान, कॉरीला वाटलं हिचं डोकं फिरलं. नंतर कळलं की त्या पिसवांमुळेच पहारेकरणी आत पाय ठेवत नाहीत, म्हणूनच तर यांना चोरून आणलेलं बायबल उघडपणे वाचता येतंय, एकीने वाचायचं आणि बायकांनी आपापल्या भाषेत पुढच्यांना सांगत जायचं. यावर चर्चमध्ये प्रवचन ऐकलं असतं तर मी मनात हं म्हणून सोडून दिलं असतं. त्या घरात बसून ऐकताना अंगाला खाज सुटली, खरंच.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. तिथे भरतकामाचा एक तुकडा दाखवतात, मागून धाग्यांचा गुंता आणि उलटवला की मुकुट, म्हणजे आपल्याला आयुष्याची मागची बाजू दिसते, देवाला पुढची. बरेच जण रुमाल काढतात. मला ते जरा जास्तच नीटनेटकं वाटलं, त्या ८४ वर्षांच्या माणसाचं कैदेतलं मरण अशा गोंड्यात बांधता येत नाही. आईची हरकत वेगळीच. ती चाळीस वर्षं क्रोशा-भरतकाम करतेय, चष्मा सावरून तिने मागची बाजू बघितली आणि म्हणाली, चांगल्या हाताची मागची बाजू एवढी गचाळ नसते.

आणि हो, कॉरी १५ एप्रिल १९८३ ला गेली, तोच तिचा ९१ वा वाढदिवस. आईने लगेच "बघ, स्तोत्र ९१" म्हणून बोट वर केलं. मला असले आकडे जुळवणं आवडत नाही, पण तिच्यासमोर बोलायची सोय नाही.

लहान मुलांना न्यायचं का, तर दहा-बाराच्या पुढे हो, त्याखालची कंटाळतात, तासभर बसून ऐकायचं असतं. ख्रिस्ती नसाल तर? जा की. टूरमध्ये विश्वासाबद्दल उघड बोलतात, ते लपवत नाहीत, पण कोणी गळ्यात पडत नाही. ॲन फ्रँकच्या घराची गर्दी आणि तिकिटांची मारामारी इथे नाही, आणि तिथे लपणाऱ्यांची बाजू कळते तर इथे दार उघडणाऱ्यांची, म्हणून जमलं तर दोन्ही बघा.

पाचपैकी पाच. जिन्याचे मार्क आईने कापू दिले नाहीत.

निघताना तिने बॉक्समध्ये माझ्याकडून घेतलेली दहाची नोट टाकली, रुपयात किती झाले ते बोळातून बाहेर आल्यावर विचारलं, आणि आकडा ऐकून दोन मिनिटं दुकानाच्या काचेतली घड्याळं बघत उभी राहिली. त्या रात्री तिने स्तोत्र एकदाच म्हटलं की दोनदा मला माहीत नाही, मी झोपले होते.