जुनं स्केलेक्स्ट्रिक: गाड्या घ्याच, पण टाइमकीपरची खोली सोडू नका

गेल्या ऑक्टोबरात 180 पौंड मोजून जुन्या स्केलेक्स्ट्रिकचं, म्हणजे ट्रॅकवर विजेने पळणाऱ्या खेळण्यातल्या शर्यतीच्या गाड्यांचं, एक पुठ्ठ्याचं खोकं घरी आणलं. आत दोन गाड्या, लहानमोठ्या मिळून 9 इमारती आणि टपऱ्या, चिमट्याने उचलावी लागतील अशी 23 माणसं, रबरी ट्रॅकचे 14 तुकडे आणि अंगठ्याने दाबायचे दोन कंट्रोलर. सगळं 1960 च्या आगेमागचं. सहा महिने हे सामान उघडलं, पुसलं, चालवलं आणि मगच लिहायला बसले. असं खोकं घेणारे बहुतेक जण गाड्यांवर नजर ठेवतात आणि बाकीचं भरीला आलं असं समजतात. माझ्या हिशेबात या खोक्यातला खरा ऐवज त्या भरीतच होता.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. ट्रॅकला खाच असते, गाडीच्या पोटाखालची पिन त्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही कडांना पोलादी पट्ट्या, त्यांतून 12 व्होल्टची वीज, ती तांब्याच्या जाळीच्या पट्ट्यांमधून मोटरीत. गाडी वळवायची नसते, वेग सांभाळायचा असतो. फ्रेड फ्रान्सिस यांची मिनिमॉडेल्स कंपनी 1952 पासून ‘स्केलेक्स’ नावाच्या पत्र्याच्या, स्प्रिंगवर पळणाऱ्या गाड्या काढत होती. त्यांनाच वीज जोडली, 1957 च्या जानेवारीत हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात मांडलं आणि नाव झालं स्केलेक्स्ट्रिक. मागणी इतकी आली की पुरवठा जमेना. 1958 मध्ये त्यांनी कंपनी ट्राय-अँग नावाने खेळणी विकणाऱ्या लाइन्स ब्रदर्सना विकून टाकली. कारखाना दक्षिण इंग्लंडमधल्या हॅम्पशरच्या हॅवंट गावातला. मी गेली 14 वर्षं याच हॅवंटला राहते, आणि माझ्या शेजारच्या आजी तरुणपणी त्या कारखान्यात कामाला होत्या, हे मला खोकं आणल्यानंतर कळलं. हिरवी गाडी त्यांच्या हातात दिली तर त्यांनी आधी ती उलटी केली आणि मागचा आस बोटाने फिरवून बघितला. सगळ्यांत आधी आसच तपासायचा, असं म्हणाल्या.

ती हिरवी गाडी म्हणजे व्हॅनवॉल. पत्र्याच्या गाड्यांनंतर 1960 मध्ये प्लास्टिकच्या बॉडीच्या पहिल्या गाड्या आल्या, त्यांत ही आणि लोटस 16. खरी व्हॅनवॉल म्हणजे 1958 साली फॉर्म्युला वनची गाडी बनवणाऱ्यांसाठीची पहिलीवहिली चॅम्पियनशिप जिंकलेली गाडी. त्याच्या आदल्या वर्षी लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) इथल्या ब्रिटिश ग्रांप्रीत स्टर्लिंग मॉस आणि टोनी ब्रुक्स यांनी एकच व्हॅनवॉल वाटून घेऊन शर्यत मारली होती. खेळणं दुकानात येईपर्यंत इंजिन मागे असलेल्या गाड्यांचे दिवस सुरू झाले होते. म्हणून मला या दोन्ही लांब नाकाच्या गाड्या फार आवडतात. एक अख्खी जात संपता संपता कुणीतरी तिचा साचा करून ठेवला.

माझी व्हॅनवॉल दिसायला चांगली आहे. काच शाबूत, चालकाचं डोकं मूळचं, आकड्याचं स्टिकर थोडं उडालेलं. चालत मात्र नव्हती. वीज दिली की गुरगुरायची आणि वास सोडायची.

माझे वडील, आबा, इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवायचे. यंत्रमागाच्या मोटरी हातगाड्यावरून यायच्या आणि मी शाळेतून आले की तांब्याच्या तारेची रिळं लावून ठेवायची. म्हणून गाडी उघडून फोनचा कॅमेरा तिच्यावर धरला आणि विचारलं, “आबा, कार्बन झिजलाय काय बघा की.”

“अगं, कार्बनला नाव ठेवायच्या आधी कम्युटेटर पूस. तेल कुणी ओतलंय एवढं?”

बरोबर होतं. कुणीतरी वर्षानुवर्षं तेल सोडलं होतं, ते कम्युटेटरवर, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या कड्यावर, उतरून त्याला घासणाऱ्या कार्बनच्या भुकटीशी मिसळलं होतं आणि काळा लगदा झाला होता. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून चार वेळा पुसलं, कम्युटेटरच्या फटी दाताच्या कोरण्याने हलक्या हाताने मोकळ्या केल्या, दोन्ही बुशांना सुईच्या टोकाने एकेक थेंब तेल दिलं. गाडी उठली. आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरता भाग, मूळचंच आहे. साठ वर्षांपूर्वीचं वाइंडिंग अजून टिकलंय हे ऐकून आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “वार्निश चांगलं मारलंय.” त्यांच्याकडून यापेक्षा मोठी पावती मी कधी ऐकलेली नाही.

टायर बदलावे लागले. जुनं रबर दगडासारखं होतं आणि गाडी सरळ रस्त्यावरही शेपूट हलवत बसते. या मापाचे नवे टायर वेगळे विकत मिळतात. मूळचे फेकू नका, लेबल लावून पिशवीत ठेवा. पुढे गाडी विकायची झाली तर ती पिशवी उपयोगी पडते. नव्या टायरांवर व्हॅनवॉल जशी पळते तशी आजची गाडी पळत नाही. आजच्या गाड्यांच्या पोटात लोहचुंबक असतो, तो पोलादी पट्टीला धरून ठेवतो, वळणावर गाडी चिकटून जाते. हिला तसलं काही नाही. वळणाच्या आधी अंगठा सैल केला नाही तर मागची बाजू बाहेर फेकली जाते, वेळेवर केला तर तीच मागची बाजू अलगद घसरत वळण काढते. ते जमलं की अंगावर काटा येतो. लोटस जरा हलकी वाटते, तिची एक एक्झॉस्ट नळी तुटलेली आहे, बाकी उत्तम.

रबरी ट्रॅक घ्यायचा असेल तर पट्ट्यांचा गंज बघून घ्या. वरवरचा गंज बारीक पॉलिशपेपरने जातो, खड्डे पडले असतील तर तो तुकडा सोडा. कंट्रोलरमध्ये रेझिस्टन्सची तार असते, ती तापते, त्यामुळे हात कोमट होणं हा दोष नव्हे. आणि खोक्यात मूळचा ट्रान्सफॉर्मर निघाला तर तो कपाटात ठेवा, प्लगमध्ये घालू नका. त्या काळच्या वायरीचं इन्शुलेशन हातात भुगा होतं. 12 व्होल्ट डीसीचा आजचा सप्लाय जोडून काम भागतं.

आता इमारती.

कंट्रोल टॉवर, पिट (शर्यतीत गाड्या दुरुस्तीला थांबतात ती जागा), दोन भागांचं प्रेक्षागृह, प्रथमोपचाराची खोली, खाण्यापिण्याची टपरी, टाइमकीपरची खोली, गवताच्या गठ्ठ्यांच्या रांगा, कुंपणं. गाड्या 1:32 च्या मापाच्या, आणि हे सगळं त्यांच्या शेजारी शोभेल अशा मापाचं. गाडी खेळणाऱ्या मुलाच्या हातात असायची, पडायची, दुरुस्त व्हायची, जपलीही जायची. इमारतीवर मात्र गुडघा टेकायचा, बहीण बसायची, मांजर झोपायचं. त्यामुळे जुन्या गाड्या मिळतात, पण कडा न तुटलेली टाइमकीपरची खोली मिळायला वेळ लागतो. बारीक खांब, झेंड्याची काठी, जिन्याचा कठडा आणि भिंती जोडणाऱ्या खाचांची टोकं हे चार भाग आधी बघायचे. टोक तुटलं की मागच्या मालकाने हमखास गोंद घातलेला असतो, आणि गोंदाचा पिवळा ओघळ कशानेही जात नाही.

माझी टाइमकीपरची खोली पूर्ण आहे. हातात मावेल एवढी वस्तू, पण ती ट्रॅकच्या रेघेजवळ ठेवली की जेवणाच्या टेबलाचं शर्यतीचं मैदान होतं. माणसंही तशीच. टोपीवाला अधिकारी, मेकॅनिक, फोटो काढणारा, बसलेले प्रेक्षक. ज्या हातांनी ती रंगवली त्यांची घाई आणि काळजी दोन्ही दिसतात. एका मेकॅनिकच्या कॉलरवर रंग सांडलाय, पण डोळे दोन्ही जागच्या जागी. मी ही माणसं फक्त कोरड्या मऊ ब्रशने झाडते. पाणी, साबण, काही नाही.

हॅवंटहून अर्ध्या तासावर गुडवुडचा शर्यतीचा ट्रॅक आहे. युद्धातल्या विमानतळाच्या कडेच्या रस्त्यावर 1948 मध्ये तिथे शर्यती सुरू झाल्या, 1966 मध्ये थांबल्या, 1998 मध्ये पुन्हा सुरू झाल्या. 1962 च्या ईस्टर सोमवारच्या ज्या अपघाताने मॉसची कारकीर्द संपली तो तिथलाच. शेवटच्या रेघेआधी जी चिंचोळी शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारं नागमोडी वळण, आहे तिचंही खेळणं निघालं होतं, ‘गुडवुड शिकेन’ नावाने: दोन्ही लेन इतक्या जवळ येतात की एका वेळी एकच गाडी पुढे निघते. सप्टेंबरातल्या रिव्हायव्हलला, म्हणजे तिथल्या जुन्या गाड्यांच्या शर्यतींना, मी खऱ्या शिकेनशी उभी होते, आणि पहिल्यांदाच समजलं की खेळण्यातल्या त्या तुकड्याने माणसाच्या हातातला नेमका तोच क्षण पकडलाय: अंगठा सोडायचा की समोरच्याला सोडू द्यायचा.

किमतीबद्दल. माझ्या अंदाजाने 80 पौंड गाड्यांचे, 70 इमारती आणि माणसांचे, 30 उरलेल्याचे. गावातल्या हॉलमध्ये भरलेल्या जुन्या खेळण्यांच्या मेळ्यात हे मिळालं. ज्या वृद्ध गृहस्थांकडून घेतलं त्यांनी नव्याने ओतलेल्या प्रत्येक भागावर स्वतःहून पिवळी टिकली लावली होती: लोटसची काच, दोन गठ्ठे, एक झेंडा. मी विचारायच्या आधी. त्यासाठी मी घासाघीस केली नाही. याच्या आधी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून “पूर्ण ओरिजिनल” म्हणून घेतलेल्या गाडीतल्या चालकाचं डोकंही नवं निघालं आणि डबाही रंगीत प्रिंट काढलेला. जुन्या छपाईत भिंगाखाली ठिपक्यांची ओळ दिसते. त्या डब्यावर प्रिंटरच्या बारीक शाईची फवारणी होती. नवे भाग वाईट नाहीत, त्यांच्याशिवाय हा छंद चालणार नाही. पण ते सांगून विकले पाहिजेत, आणि न सांगणाऱ्याला मी पैसे परत मागितले, मिळालेही, पण तीन आठवडे पत्रव्यवहार करावा लागला. तुम्ही विकत घेताना एकच प्रश्न लेखी विचारा: “यातलं काय काय बदललंय?” उत्तर गोलगोल आलं तर पुढे जाऊ नका.

1957 च्या पत्र्याच्या मासेराटी 250 एफवर माझा डोळा आहे, पण सध्या त्या किमतीला माझी तयारी नाही. त्याआधी मला शिकेन हवी आहे, आणि प्रेक्षागृहाचा मधला भाग.

रविवारी इकडे सकाळ, इचलकरंजीत दुपार. मी ट्रॅक मांडते, फोन पुस्तकांना टेकवून ठेवते, आबा त्यांच्या हातातल्या घड्याळावर फेऱ्या मोजतात. परवा पाचव्या फेरीला व्हॅनवॉल खाचेतून उडाली आणि टपरीवर आदळली. टपरीला काही झालं नाही.

“त्या टायमाच्या खोलीत माणूस बसवलास काय?” आबांनी विचारलं.

“बसवलाय.”

“मग त्याला विचार, किती झाले. माझं घड्याळ बंद पडलंय.”