बिनबियांच्या कलिंगडाची रोपे: घ्यावीत का?

भातकापणी आटोपून वायंगणी (पावसाळ्यानंतरच्या रब्बी) लागवडीची तयारी सुरू होते त्या सुमारास म्हापशाजवळच्या एका रोपवाटिकेत बिनबियांच्या कलिंगडाची रोपे मिळतात. दर साध्या रोपांहून बराच चढा आहे, पण तो अवाजवी नाही. ही रोपे ज्या खास बियांपासून होतात त्यांचे कवच जाड आणि आतला गर्भ लहान असल्याने उगवण रखडते, आणि उगवलेल्या रोपाच्या दलांवर, म्हणजे पहिल्या जोडपानांवर, कवच टोपीसारखे अडकून राहते. येथील कामगार बायका ते एकेक करून नखाने अलगद सोडवतात. मी घेतलेल्या ट्रेमध्ये एकही दल फाटलेले नव्हते.

साध्या कलिंगडात २२ गुणसूत्रे असतात, म्हणजे ११-११चे दोन संच. कॉल्चिसीन या वनस्पतिजन्य रसायनाने पेशीचे विभाजन अडवले की ती ४४ होतात, आणि अशा चतुर्गुणित वेलीच्या मादी फुलावर साध्या कलिंगडाचा पराग टाकला की ३३ गुणसूत्रांचे त्रिगुणित बी मिळते. तीन संचांच्या जोड्या नीट जुळत नसल्याने पुढे फळात बी धरत नाही. जपानचे आनुवंशशास्त्रज्ञ हितोशी किहारा यांनी १९५१ साली हे तंत्र प्रसिद्ध केले. कॉल्चिसीन आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीतही असते.

तक्रार एकच, पण मोठी आहे. त्रिगुणित वेलीचा पराग वांझ असतो, त्यामुळे दर दोन-तीन वेलींमागे साध्या कलिंगडाची एक वेल लावावीच लागते, हे रोपवाटिकेने आपणहून सांगितले नाही. विचारल्यावर मात्र पट्टेदार सालीच्या जातीची रोपे काढून दिली, म्हणजे गडद हिरव्या फळांत त्यांची सरमिसळ होऊ नये. निवड जाणकाराची होती. पण न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाच्या शेतात फळ न धरताच फुले गळून जातील.

फळाचा गर घट्ट आणि गोड निघाला. न भरलेल्या बियांची कोवळी पांढरी कवचे अधूनमधून दिसतात, ती सहज खाता येतात. वांझपणाचा असाच फायदा परदेशांत कालवांच्या (ऑयस्टर शिंपल्यांच्या) संवर्धनात घेतात: त्रिगुणित कालवांची शक्ती प्रजननात फारशी खर्च होत नाही, म्हणून ती उन्हाळ्यातही मांसल राहतात. सस्तन प्राण्यांत मात्र गुणसूत्रांचा जादा संच गर्भाला बहुधा जगू देत नाही.

गोव्यातल्या पर्रा गावच्या कलिंगडाचे बी राखून पुढच्या हंगामाला पेरणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये, कारण येथे रोपे दरवर्षी विकतच घ्यावी लागतात. हॉटेलांना फळे पुरवणाऱ्यांनी मात्र रोपे आगाऊ सांगून ठेवावीत; लावणीजोगे रोप तयार व्हायला तीन-चार आठवडे जातात.