गोव्याच्या निर्णायक दिवसांची सहल: पैसे वसूल, फक्त मडगाव वगळायला हवं

पणजीच्या कदंब बसस्टँडवरून रविवारी सकाळी आठला बारा सीटची मिनीबस सुटते आणि संध्याकाळी साडेपाचला तिथेच परत सोडते. माणशी 1,800 रुपये, जेवण वेगळं. थांबे पाच: जुने गोवे, जुवे, बाणस्तरी, मडगावचं लोहिया मैदान आणि शेवटी पणजी. गाईड मराठी किंवा कोंकणीतून बोलतो, बुकिंग करतानाच भाषा सांगावी लागते.

इतिहासाच्या सहलींत सहसा तारखा आणि पुतळे दाखवून मोकळे होतात. एखादा दिवस निर्णायक होता असं सांगायचं, तर त्या दिवशी दुसरं काय घडू शकलं असतं हेही दाखवायला हवं. ही सहल पाचपैकी तीन ठिकाणी ते दाखवते, म्हणून शिफारस.

गाईडकडे लॅमिनेट केलेला एक नकाशा असतो. त्यात तिसवाडीभोवतीच्या, म्हणजे पणजी आणि जुनं गोवं ज्यात येतं त्या तालुक्याभोवतीच्या नद्या आहेत, पूल एकही नाही. आज पणजीहून पर्वरीला आपण काही मिनिटांत जातो, त्यामुळे तिसवाडी हे बेट आहे हेच डोक्यात राहत नाही. मांडवी, झुवारी आणि त्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी बोटाने गिरवून घेतली की पुढचे चारही थांबे आपोआप उलगडतात.

जुन्या गोव्याला व्हाइसरॉय आर्चखाली वीस मिनिटं मिळतात. 25 नोव्हेंबर 1510 ला पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून शहर दुसऱ्यांदा घेतलं, हे सगळेच सांगतात. त्याच वर्षी आधी एकदा शहर घेऊन त्याला ते सोडावं लागलं होतं आणि पावसाळाभर तो नदीत जहाजांवर अडकून पडला होता, हे इथे नीट सांगितलं जातं. कमानीवरचा 1656 चा शिलालेख मात्र वाचून दाखवत नाहीत. पोर्तुगाल 1640 साली स्पेनच्या सत्तेतून सुटला, त्याची ती आठवण आहे. लिस्बनमधली उलथापालथ मांडवीच्या काठावर कोरलेली आहे आणि गट तिच्या खालून फोटो काढत निघून जातो, याचं वाईट वाटतं.

सगळ्यात मोलाचा थांबा जुव्याचा, म्हणजे सांत इस्तेव्हचा. नोव्हेंबर 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने ओहोटी साधून हे बेट घेतलं. समोर जुने गोवे, मध्ये फक्त पाणी. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होरने बेट परत घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला. शेवटी त्याने सेंट झेवियरची शवपेटी उघडून आपला राजदंड संताच्या हाती सोपवला. पुढे मोगल शहजादा शाह आलम मोठी फौज घेऊन येत असल्यामुळे जानेवारी 1684 मध्ये मराठ्यांना मागे फिरावं लागलं. गाईड संताचा चमत्कार आणि मोगल फौज दोन्ही सांगतो आणि कारण कोणतं हेही स्पष्ट बोलतो. हे धैर्य सगळ्या गाईडांत नसतं.

इथे गटाला बांधावर नेऊन मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, दाखवतात. भरतीच्या दाबाने तिची लाकडी दारं बंद होतात आणि ओहोटीला उघडून खाजनातलं (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतातलं) पाणी बाहेर सोडतात. हाताने दार ढकलून पाहिलं की ओहोटी चुकली तर सैन्याचं काय होईल हे वेगळं सांगावं लागत नाही. अडचण अशी की बसची वेळ ठरलेली आणि पाण्याची रोज सुमारे पन्नास मिनिटांनी सरकणारी. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला सकाळी अकराच्या आसपास इथे भरती असते, मग ओहोटीला उघडा पडणारा चिखल दिसतच नाही. अष्टमीच्या सुमाराचा रविवार निवडा. भांग (कमी चढउताराची भरती-ओहोटी) असल्यामुळे पाणी फार उतरत नाही, पण त्या वेळेला ओहोटी मिळते.

बाणस्तरीला पुलाजवळ दहा मिनिटं. डिसेंबर 1961 मध्ये माघार घेताना पोर्तुगीजांनी इथला पूल उडवला. मुख्य चढाई भारतीय सैन्याच्या 17 व्या डिव्हिजनची, 50 पॅरा ब्रिगेडला दुय्यम काम. प्रत्यक्षात ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या तुकड्या इतक्या वेगाने पुढे आल्या की 19 तारखेला पणजीत आधी त्याच शिरल्या. गाईड इथे घाई करतो आणि ‘451 वर्षांची गुलामगिरी’ हे ठरलेलं वाक्य फेकतो. पलीकडच्या काठापासून फोंडा तालुका सुरू होतो, तो पोर्तुगीजांकडे 1763 साली गेला. पेडणे 1788 ला. 451 वर्षं तिसवाडीची. याच पुलावर उभं राहून ते सांगायला हवं.

त्यानंतर मडगाव. 18 जून 1946 ला डॉ. राममनोहर लोहियांनी जिथे पोर्तुगीज राजवटीविरुद्ध सभा घेतली ते मैदान पाहायलाच हवं, पण या सहलीत जाण्यायेण्यात आणि जेवणात तीन तास जातात आणि मैदानावर पंधरा मिनिटं हाती लागतात. रविवारी मासळीच्या थाळीला रांग असते. शिवराक (शाकाहारी) जेवणाऱ्यांनी आधी कळवावं.

पणजीतला शेवटचा थांबा जनमत कौलाचा. प्रत्येकाच्या हातात मतपत्रिकेची नक्कल देतात: महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहण्याला दोन पानं. शिक्का मारून घडी घालून डब्यात टाकायची. मग 16 जानेवारी 1967 चे आकडे फळ्यावर लिहितात: दोन पानांना 1,72,191, फुलाला 1,38,170. फरक 34,021. म्हणजे 17,011 माणसांनी शिक्का दुसरीकडे मारला असता तर आज गोवा महाराष्ट्राचे जिल्हे असता. आपण मराठी वाचणारी माणसं, आपल्याला ही मोजणी जरा खोल लागते. मतदानाआधी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार पायउतार होऊन राष्ट्रपती राजवट आली होती, आणि विलीनीकरणाविरुद्ध जोरात लढणारा ‘राष्ट्रमत’ मराठीच दैनिक होता, हे दोन्ही मुद्दे सांगितले जातात. तिसरा राहतो: मार्च 1967 मध्ये याच मतदारांनी भाऊसाहेबांच्या मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाला 30 पैकी 16 जागा देऊन पुन्हा निवडून दिलं. विलीनीकरण नको, पण भाऊ हवेत. कौल समजायचा तर हा आकडा फळ्यावर हवाच.

सोबत दिलेल्या पत्रकात एक चूक आहे, ती दुरुस्त करून घ्या: राजभाषा विधेयक 4 फेब्रुवारी 1987 ला मंजूर झालं आणि घटकराज्य 30 मे 1987 ला मिळालं. पत्रकात दोन्हींसमोर मे छापलाय.

आयोजकांनी मडगाव वेगळ्या दिवशी ठेवावं आणि वाचलेल्या वेळात गटाला फेरीबोटीने पणजीसमोर पलीकडच्या काठावरच्या बेतीला न्यावं. 18 डिसेंबर 1961 च्या संध्याकाळी भारतीय सैन्य याच काठावर येऊन थांबलं होतं. मांडवीवर तेव्हा पूल नव्हता. तिथून पणजीकडे पाहत तो बिनपुलांचा नकाशा पुन्हा एकदा उघडता येईल.