पीआरसी२चा माग काढताना: चिप-सेक, कट-अँड-रन की कट-अँड-टॅग?

पीआरसी२ हे प्रोटीन कॉम्प्लेक्स, म्हणजे अनेक प्रोटीनांचा जोडगट, हिस्टोन एच३च्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एका प्रोटीनच्या) २७व्या लायसीनवर तीन मिथाइल गट चढवतं आणि त्या भागातली जनुकं बंद राहतात. त्यातलं ईझेडएच२ हे प्रोटीन ही खूण उमटवतं. त्यातलंच ईईडी उमटलेली खूण धरून ईझेडएच२चा वेग वाढवतं, त्यामुळे ती शेजारच्या न्यूक्लिओसोमवर (हिस्टोनांभोवतीच्या डीएनएच्या वेढ्यावर) पसरत जाते.

अशी खूण किंवा प्रोटीन डीएनएवर कुठे आहे, हे अँटिबॉडीने पकडून आणि तिथला डीएनए वाचून शोधायची तीन तंत्रं म्हणजे चिप-सेक, कट-अँड-रन आणि कट-अँड-टॅग. त्यांतलं एक निवडण्याआधी एवढं ठरवा: शोधायची आहे ती खूण की खुद्द कॉम्प्लेक्स? टॅझेमेटोस्टॅट हे औषध ईझेडएच२चं काम थांबवतं, प्रोटीन नष्ट करत नाही. खूण पेशींच्या विभाजनागणिक विरळ होत काही दिवसांत उतरते. तेव्हाही एसयूझेड१२ (पीआरसी२चा आणखी एक घटक) जागेवर दिसलं, तर प्रयोग फसला असं समजू नका.

चिप-सेक जुनं आणि खादाड. एका अँटिबॉडीला साधारण १० लाख ते १ कोटी पेशी लागतात. प्रोटीन डीएनएला जखडायला (फिक्सिंग) १ टक्का फॉर्मल्डिहाइड १० मिनिटं, ते थांबवायला १२५ मिलिमोलर ग्लायसीन, मग क्रोमॅटिन (डीएनए आणि त्यावरची प्रोटीनं) ध्वनिलहरींनी तोडायला सोनिकेशन. तुकडे २०० ते ५०० बेसजोड्यांचे आलेत का, हे जेलवर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. फिक्सिंग लांबलं तर क्रोमॅटिन तुटत नाही आणि अँटिबॉडीची जागाही झाकली जाते. बंद क्रोमॅटिन तसंही उघड्यापेक्षा चिवट असतं, म्हणजे नेमका आपल्याला हवा तोच भाग कमी सापडतो. त्यात ही खूण लांबच लांब पट्ट्यांत असते. अशा खुणांसाठी एनकोड या जीनोम प्रकल्पाचा निकष प्रत्येक नमुन्यामागे ४.५ कोटी तुकड्यांचा आहे. तरीही पीआरसी२चे घटक पकडायचे असतील तर चिप अजून मोडीत निघालेलं नाही, कारण डीएनएला सैल धरणारं प्रोटीन फिक्सिंगमुळे जागच्या जागी राहतं.

कट-अँड-रन २०१७चं. पेशी कॉन्कनॅव्हालिन-ए बीड्सवर बसवायच्या, डिजिटोनिनने भोकं पाडायची, अँटिबॉडी घालायची आणि प्रोटीन-एमार्फत तिला चिकटणाऱ्या एमनेझ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमकडून तेवढाच भाग कापून घ्यायचा. पाच लाख पेशी आरामात पुरतात, त्याहून कमीतही जमतं. पन्नासेक लाख रीड्समध्ये (वाचलेल्या डीएनए-तुकड्यांमध्ये) चित्र स्वच्छ येतं. घोळ बहुतेक वेळा डिजिटोनिनमध्ये होतो. प्रत्येक बॅचची ताकद वेगळी असते, म्हणून भोकं पडलेल्या पेशींतच शिरणाऱ्या ट्रिपॅन ब्लू रंगाने तपासा: ९५ टक्क्यांहून जास्त पेशी निळ्या झाल्या पाहिजेत. कमी पडलं तर अँटिबॉडी आत जात नाही. जास्त झालं तर पेशी फुटतात आणि बीड्सचे गोळे होतात. एमनेझला चालू करणारं कॅल्शियम घातल्यावर नळी बर्फाच्या पाण्यातच ठेवा. तापमान चढलं की सुटलेले तुकडे एमनेझसकट भटकतात आणि भलतीकडे कापतात. अँटिबॉडी उंदराची आयजीजी१ असेल तर प्रोटीन-ए तिला नीट धरत नाही. मध्ये सशाची अँटी-माउस घालावी लागते.

कट-अँड-टॅग २०१९चं. इथे एमनेझच्या जागी टीएन५ हे एन्झाइम असतं. ते कापतानाच अडॅप्टर (वाचनासाठी लागणारे डीएनएचे तुकडे) जोडतं, त्यामुळे थेट पीसीआर. पेशी सर्वांत कमी लागतात आणि फक्त खूण हवी असेल तर आमची पसंती यालाच. पण टीएन५ला उघड्या क्रोमॅटिनची ओढ असते. ती दाबायला धुण्यासाठी ३०० मिलिमोलर मीठ वापरतात आणि त्या मिठात सैल बसलेलं प्रोटीन निसटू शकतं. एसयूझेड१२साठी म्हणूनच हे तंत्र पहिल्यांदा निवडू नये. मीठ कमी केलंत, तर सुरू असलेल्या जनुकांच्या प्रमोटरवर (जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर) खोटी शिखरं दिसू लागतात.

औषध देऊन तुलना करणार असाल तर परक्या क्रोमॅटिनचा किंवा डीएनएचा मोजमापापुरता वाटा, म्हणजे स्पाइक-इन, तिन्हींत हवाच. खूण सगळीकडे सारखी घटली आणि दोन्ही नमुने समान रीड्सवर आणून ठेवले, की घट आलेखातून गायब होते. चिपमध्ये ड्रोसोफिला या फळमाशीचं क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशनच्या (अँटिबॉडीने ओढून काढण्याच्या) आधीच मिसळा आणि त्यालाही अँटिबॉडी लागते याची खात्री करा. कट-अँड-रनमध्ये परका डीएनए स्टॉप बफरमधून जातो, म्हणजे कापणी झाल्यावर. तिथे सुरुवातीला पेशी मोजण्यात झालेली चूक स्पाइक-इनने भरून निघत नाही.