मोटर मेकॅनिकचा आयटीआय कोर्स: नाशिकच्या गॅरेजमध्ये काही महिने काढल्यावर

दहावीनंतर ‘एमएमव्ही’, म्हणजे मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड केला. मग अप्रेंटिसशिप, आणि आता मुंबई नाक्याकडच्या एका मल्टिब्रँड गॅरेजमध्ये कामाला आहे. दहावीचा निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात, ‘आमच्या पोराला टाकू का यात?’ म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

टाका. सरकारी आयटीआयची फी खाजगीच्या मानाने काहीच नाही आणि पाया पक्का होतो. पण नुसत्या कोर्सवर आजची गाडी दुरुस्त होत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

आयटीआयत हात चालतो, ही खरी जमेची बाजू. इंजिन पूर्ण खोलून परत बांधायचं, फीलर गेजने (पातळ पट्ट्यांनी फट मोजून) टॅपेट सेट करायचे, मायक्रोमीटरने क्रँकशाफ्टचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मोजायचं, हेड बोल्ट क्रमाने टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच कसता येणाऱ्या पान्याने) कसायचे. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं काम केलेली काही मंडळी अजून टॉर्क रेंच न वापरता ‘अंदाजाने’ कसतात, मग फरक लगेच दिसतो. थिअरीची परीक्षा आता कॉम्प्युटरवर असते, ती जड नाही. अडचण वेगळीच आहे. आम्ही ज्या डिझेल इंजिनावर शिकलो त्याचा पंप जुन्या पद्धतीचा होता. बाहेर १ एप्रिल २०२० पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या कडक नियमातल्या. सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग डायग्राम हे पुस्तकात होतं, पण हाताला फारसं लागलं नाही.

ते गॅरेजमध्ये लागलं. द्राक्षाच्या सीझनमध्ये दिंडोरीकडची एक पिकअप आली. माल भरला की चढाला दम सोडायची, चेक इंजिनचा दिवा लागलेला. ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, पी००८७ कोड. म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) डिझेलचं प्रेशर कमी. मालकाला आधी कुणीतरी ‘पंप गेला’ सांगून भलामोठा खर्च काढून दिला होता. आमचे फोरमन म्हणाले, ‘पंपाला हात लावू नको, आधी फिल्टर खोल.’ खालचा ड्रेन उघडून बाटलीत काढलं, तर तळाला स्वच्छ पाणी आणि वर डिझेल. फिल्टर काळाकुट्ट. फिल्टर बदलला, डिझेलच्या लाइनमधली एअर काढली, टाकी साफ केली आणि माल भरून चालवून पाहिली. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात आता लोड पडला की प्रेशर हजार बारच्या वर जात होतं. कोड फक्त प्रेशर कमी आहे एवढंच सांगतो. का कमी आहे, ते शोधणाऱ्याला पगार मिळतो.

अप्रेंटिसशिपबद्दल जरा कडू बोलतो. मी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला होतो, नाव राहू द्या. सुरुवातीला कित्येक आठवडे वॉशिंग आणि ऑइल-फिल्टर, इंजिनाच्या कामाला सिनिअर हात लावू देत नव्हते. २०१९ च्या नियमाप्रमाणे तेव्हा आयटीआयवाल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये स्टायपेंड होता. पाथर्डी फाट्याला कॉट बेसिसवर राहून डबा लावला की त्यातलं काही उरत नव्हतं. तरी कंपनीचा स्कॅनर, सर्व्हिस मॅन्युअल आणि जॉब कार्डची (गाडीवरच्या कामाच्या नोंदीची) शिस्त तिथेच कळते, म्हणून टाळू नका. एसटीच्या डेपोतही या ट्रेडचे अप्रेंटिस घेतात. डेपोत शिकलेला माझा मित्र ब्रेक आणि क्लचमध्ये माझ्या पुढे आहे.

बॅचमधली बरीच मुलं सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कॉन्ट्रॅक्टवर गेली. पहिला पगार गॅरेजपेक्षा बरा, शिवाय बस आणि कँटीन. पण लाईनवर रोज तेच काम, त्यात मेकॅनिक म्हणून हात तयार होत नाही. घरी पैशाची घाई असेल तर जा, मी नावं ठेवणार नाही. पुढे शिकायचं असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. हे अर्ध्या मुलांना माहीतच नसतं.

‘नोकरीची १०० टक्के हमी’ म्हणत लाखभर फी मागणाऱ्या क्लासपासून मात्र जपून. सर्टिफिकेट एनसीव्हीईटीच्या (जुनी एनसीव्हीटी, व्यावसायिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यतेचं आहे का, एवढा एकच प्रश्न विचारा. गोलमोल उत्तर आलं की उठा.

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे धंदा बुडेल असं काका-मामा सांगतात. इंजिन ऑइलचं काम जाईल, हे खरं. सस्पेन्शन, ब्रेक, एसी, वायरिंग कुठे जातंय? मात्र नारिंगी केबल हाय व्होल्टेजची, तिला ट्रेनिंगशिवाय हात लावायचा नाही.

नव्याने लागणाऱ्याने पहिल्या पगारात गोटी पान्यांचा (सॉकेटचा) महागडा सेट घेऊ नये. तो गॅरेजमध्ये असतोच. आधी बऱ्यापैकी डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि रिकाम्या वेळात चांगल्या गाडीचे सेन्सर मोजून आकडे वहीत उतरवा. बिघडलेली गाडी समोर आली की तीच वही उघडावी लागते.