नॉर्थ कॉर्मोरंट 1:200 (खऱ्याच्या दोनशेव्या भागाचं), समुद्रातून तेल काढायच्या ऑफशोअर प्लॅटफॉर्मचं जोडायचं प्लॅस्टिक किट: जोडून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी मॉडेलवाला नाही. आयुष्यात एकच विमान जोडलंय, तेही मुलीच्या मे महिन्याच्या सुट्टीत, आणि त्याचं एक चाक अजून सापडलेलं नाही. पण बावीस वर्षं बॉम्बे हायला, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, चौदा दिवस प्लॅटफॉर्मवर चौदा दिवस घरी अशी नोकरी केली, त्यामुळे भाच्याने ऍबरडीनहून हा भलामोठा खोका आणला तेव्हा नाही म्हणवेना. तोही तिकडे याच धंद्यात आहे.

खोका सेकंडहँड. विकणाऱ्याने कम्प्लीट म्हणून सांगितलेलं, उघडलं तर सूचनांमधलं एक पान गायब आणि डिकॅल (मॉडेलवर चिकटवायची छापील अक्षरं-चिन्हं) पिवळी पडलेली. डिकॅलचं सोपं आहे, खिडकीच्या काचेला आतून टेपने चिकटवून आठवडाभर उन्हात ठेवली, बरीचशी पांढरी झाली. पानाच्या जागी नोकरी कामाला आली, कुठला डबा कुठल्या डेकवर बसणार हे हाताला माहीत होतं.

खरा नॉर्थ कॉर्मोरंट उत्तर समुद्रात, स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांच्या ईशान्येला उभारला, 1982 ला तेल सुरू झालं. शेल कंपनीने तिकडच्या फील्डना पाणपक्ष्यांची नावं दिली आणि तीही एबीसीडीने, ऑक, ब्रेंट, कॉर्मोरंट, डनलिन अशी. म्हणजे बातम्यांत ज्याचा भाव सांगतात ते ब्रेंट क्रूड मुळात ब्रेंट गूज नावाच्या कलहंसाच्या नावाचं आणि माझ्या टेबलावर आलाय तो उत्तरेचा पाणकावळा.

आपल्याकडच्यांना एक फरक लगेच दिसेल. बॉम्बे हायला साधारण 75-80 मीटर पाणी, त्यामुळे विहिरींचे छोटे प्लॅटफॉर्म वेगळे, प्रोसेस वेगळा, राहायचा वेगळा, मध्ये ब्रिज. तिकडे खोली साधारण 160 मीटर, इतक्या खोलीत चार-चार जॅकेट (समुद्रतळापासून प्लॅटफॉर्म पेलणारे लोखंडी सांगाडे) कोण उभी करणार, म्हणून ड्रिलिंग, प्रोसेस, झोपायच्या खोल्या सगळं एकावर एक रचलेलं. जोडताना हे फार जाणवतं, दाटीवाटीचा वाडाच. किटमध्ये जॅकेटचा फक्त वरचा तुकडा येतो आणि ते बरंच आहे, कारण 1:200 ने पाण्याखालचा भागच 80 सेंटीमीटर झाला असता आणि बायकोने मला मॉडेलसकट बाल्कनीत काढलं असतं.

जोडायला सर्वात त्रासदायक डेरिक, म्हणजे विहीर खणायचा उंच मनोरा. चार जाळीदार बाजू, एकीकडे जरा कललं की वरपर्यंत कलतंच. दोनदा सोडवून पुन्हा चिकटवलं, शेवटी आत काडेपेट्या रचून काटकोनात धरलं आणि रात्रभर हात लावला नाही. ग्लू कमी लावा, ड्राय फिट करून बघा (न चिकटवता नुसतं बसवून), स्प्रू (सुटे भाग लागून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी) आधी साबणाच्या पाण्याने धुवा नाहीतर रंग धरत नाही, हे सगळं मला चूक करून झाल्यावर कळलं. रेलिंगबद्दल तक्रार नाही, पण हिशोब सांगतो. खरा पाइप दोन इंचाच्या आतबाहेर, 1:200 ला पाव मिलिमीटर, एवढं बारीक प्लॅस्टिक साच्यात निघतच नाही. त्यामुळे रेलिंग बघाल तर माणसाच्या मांडीएवढं जाड वाटतं. हौस असेल तर बारीक तार लावा, मी नाही लावली. हेलिकॉप्टर उतरतं त्या हेलिडेकला मात्र रेलिंग नसतंच, कडेने जाळी असते, तिथे मुलीच्या जुन्या ओढणीची नेट कापून लावली, झकास दिसते.

रंगवण्यात खरी मजा. नवंकोरं चकचकीत ठेवू नका हो, समुद्रात काहीही तसं राहत नाही. लाटा जिथे आपटतात त्या पट्ट्यात सगळ्यात जास्त गंज, त्याच्या खाली शेवाळ आणि शिंपले. मी गंजाचा रंग मारला, ओल्यावर मिठाचे खडे शिंपडले, वरून पिवळा मारून मीठ खरवडलं, पिवळ्यातून गंज फुटल्यासारखा दिसला. भाचा म्हणाला मामा हे जरा जास्तच झालं, मी म्हटलं तू पावसाळ्यात आमच्याकडे ये मग सांग.

रायझर चिकटवताना मात्र हात थांबला. जॅकेटच्या पायाला लागून वर येणारे तेल-गॅसचे साधे पाइप, बघणाऱ्याला कळणारही नाहीत. 27 जुलै 2005, मुंबई आदल्या दिवशीच्या पावसात बुडालेली, आणि तिकडे बॉम्बे हाय नॉर्थला एक सपोर्ट जहाज येऊन रायझरवर आदळलं. गॅस पेटला, दोनेक तासांत प्लॅटफॉर्म गेला, 22 माणसं गेली. ते पाइप मी सगळ्यात शेवटी लावले आणि लाल रंगवले, खऱ्याला तसे असतात म्हणून नाही.

आमच्या घरच्यांनी माझी कामाची जागा कधी बघितली नव्हती, बघणार कशी, जुहूवरून चॉपरने जायचं, तिकडे फॅमिलीला बंदी. आई जुनी एक रुपयाची नोट उलटी करून शेजारणींना दाखवायची, माझा मुलगा इथे असतो. त्या नोटेमागे सागर सम्राट आहे, 1974 ला बॉम्बे हायची विहीर खणली ती पाय खाली सोडून उभी राहणारी रिग, मी तिच्यावर एक दिवस नव्हतो पण आईला कोण समजावणार. मॉडेल पूर्ण झाल्यावर बायकोने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, यात तुम्ही झोपायचात कुठे. दाखवलं, फ्लेअर बूम (जादा गॅस जाळायचा लांब हात) एका टोकाला आणि आमच्यासारख्यांच्या खोल्या दुसऱ्या टोकाला. ती म्हणाली, एवढंसंच? पुढचा अर्धा तास जिने, लाइफबोट, मेस कुठे हेच चाललं होतं, बावीस वर्षांत इतके प्रश्न तिने विचारले नव्हते.

साडेतीन स्टार. अर्धा डेरिकमुळे कापला, एक गायब पानाबद्दल, तो किटचा दोष नाही पण माझा राग कुठेतरी निघायला हवा. पहिलंच मॉडेल असेल तर घेऊ नका. रोज संध्याकाळी दोन तास धरून मला अडीच महिने लागले. आणि काचेची पेटी आधी करून घ्या, डेरिकमध्ये बसलेली धूळ ब्रशने निघत नाही, मी सध्या केस वाळवायच्या मशीनने थंड हवा मारतोय आणि बायको ते मशीन शोधतेय.